टीपीएस५४३३१ चा इव्हॅल्युएशन बोर्ड: २४ व्होल्टवरून मोडेम चालवायचा असेल तर घ्या, पण वायरी आधी नीट करा

टीपीएस५४३३१ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची व्होल्टेज उतरवणारी रेग्युलेटर चिप, आणि ती तपासून बघता यावी म्हणून कंपनीनेच बनवलेला टीपीएस५४३३१ ईव्हीएम-२३२ हा इव्हॅल्युएशन बोर्ड मी एका ठरावीक कामासाठी मागवला. पॉलीहाऊसच्या कंट्रोलरमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस (मेनच्या विजेवरून डीसी देणारा सप्लाय) असतो, त्यावरून मोडेमला ४ व्होल्ट द्यायचे आणि मोडेम म्हणजे सिम८००एल (मोबाईल नेटवर्कवर बोलणारं मोड्यूल), जो शांत असताना काहीच खात नाही आणि टॉवरशी बोलायला लागला की दोन अँपिअरपर्यंतचे झटके घेतो. असा लोड सांभाळणारा रेग्युलेटर आपल्या पीसीबीवर घालायच्या आधी चिप बनवणाऱ्याने स्वतः काढलेल्या ले-आऊटवर ती कशी वागते ते बघायचं होतं, म्हणून हा खर्च.

किंमत बघून हात आखडतो हे खरंय. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बकचं (व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरचं) निळं मोड्यूल शंभर रुपयांच्या आसपास मिळतं आणि हा बोर्ड बाहेरून मागवला की शिपिंग, कस्टम, जीएसटी सगळं धरून काही हजारांत जातो. तरी माझं मत स्पष्ट आहे, बोर्ड उत्तम आहे आणि पैसे वसूल आहेत, पाचपैकी साडेचार. फक्त एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, हा बोर्ड तुम्ही टेबलावर जसा मांडाल तसेच आकडे देतो. वायर बारीक, प्रोबची ग्राउंडची शेपटी लांब, सप्लायची करंट लिमिट कशीतरी, असं असेल तर इतका चांगला बोर्डसुद्धा वाईट दिसतो आणि आपण चिपला नावं ठेवतो. म्हणून यात बोर्डाबद्दल जेवढं लिहिलंय तेवढंच मांडणीबद्दलही आहे.

आधी चिपबद्दल थोडक्यात. इनपुट ३.५ ते २८ व्होल्ट, आउटपुट ३ अँपिअर, स्विचिंग ५७० किलोहर्ट्झवर फिक्स, आतला रेफरन्स (ज्याच्याशी चिप आउटपुट ताडून बघते ते व्होल्टेज) ०.८ व्होल्ट, आठ पायांची साधी एसओ पॅकेज जी हाताने सोल्डर करता येते (हे आपल्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना फार महत्त्वाचं आहे, पोटाखाली पॅड असलेल्या चिप्स हॉट एअरशिवाय बसत नाहीत). आत वरचा एकच मॉसफेट आहे, खालच्या बाजूला बाहेरून शॉटकी डायोड लावायचा, म्हणजे सिंक्रोनस (खालच्या बाजूलाही मॉसफेट असलेली) नाही. बोर्ड ३.३ व्होल्टला सेट होऊन येतो. एका बाजूला इनपुट, दुसऱ्या बाजूला आउटपुट, एनेबलचा (चिप चालू-बंद करणाऱ्या पिनचा) दोन पिनांचा जंपर आणि इनपुट, आउटपुट, स्विचिंग नोड (मॉसफेट, डायोड आणि कॉइल जुळतात ती जागा) या सगळ्यांना वेगवेगळे टेस्ट पॉइंट. जंपर लावला की एनेबल ग्राउंड होतो आणि बोर्ड बंद, काढला की चालू. हे उलटं वाटतं, त्यामुळे बोर्ड बंद दिसला की आधी जंपर बघा.

बोर्ड बंद दिसण्याचं दुसरं कारण सात व्होल्टचं. चिप ३.५ व्होल्टपासून चालते असं डेटाशीटवर ठळक लिहिलंय म्हणून पुष्कळ जण मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट देऊन बघतात आणि आउटपुट शून्य येतं. बोर्डात काही बिघडलेलं नसतं. एनेबल पिनवर ३३२ के (किलोओहम) आणि ६८.१ के अशा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आहे, एनेबलचा उंबरठा १.२५ व्होल्ट, चिप स्वतः आतून एक मायक्रोअँपिअर ढकलते, हे सगळं मांडून गणित केलं की चालू व्हायचं व्होल्टेज बरोब्बर ७ च्या आसपास येतं. एकदा चालू झालं की आतून आणखी ३ मायक्रोअँपिअर यायला लागतात, त्यामुळे बंद व्हायला व्होल्टेज ६ च्या जवळ खाली यावं लागतं. मधला हा एक व्होल्टचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे, नाहीतर सप्लाय थोडा जरी खाली दबला तरी बोर्ड चालू-बंद चालू-बंद करत बसेल. ज्यांना ५ व्होल्टवरून चालवायचाय त्यांनी हे दोन रेझिस्टर बदलायचे. माझं काम २४ चं असल्यामुळे मी हात लावला नाही, उलट हा उंबरठा माझ्या पीसीबीवर अजून वर नेला, १८ च्या जवळ, म्हणजे एसएमपीएस अर्धवट उठलेला असताना मोडेम जागाच होणार नाही.

आता वायरी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बहुतेक गडबड इथेच होते.

बाजारात ज्या रंगीत क्रोको क्लिपच्या वायरी मिळतात, दहाचा जुडगा, त्या दिसायला जाड पण आत तांब्याचे चार केस असतात. अशा एका वायरीचा रेझिस्टन्स ०.२ ते ०.३ ओहमसुद्धा भरतो. तीन अँपिअर गेले की एका वायरीत पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो, जायची-यायची धरून दीड. मग लोडच्या टोकाला मीटर लावून माणूस म्हणतो की ३.३ चा बोर्ड दोनच व्होल्ट देतोय. बोर्ड ३.३ च देत असतो. बोर्डाची गाईड २० एडब्ल्यूजीची वायर वापरा आणि लांबी कमीत कमी ठेवा असं सांगते, आपल्याकडच्या हिशोबात अर्धा चौरस एमएमच्या थोडं वर, मी सरळ एक चौरस एमएमची फ्लेक्झिबल वापरते, पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर मिळते. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर वायरचा रेझिस्टन्स १७-१८ मिलिओहम, म्हणजे एक-एक फुटाच्या जोडीत तीन अँपिअरला ३३ मिलिव्होल्टसुद्धा पडत नाहीत. टोकं नीट सोलून, पीळ देऊन स्क्रूमध्ये घट्ट बसवा. आणि प्लस-मायनस दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, दोन वायरींमध्ये जागा राहिली की तिथे इंडक्टन्स तयार होतो.

या इंडक्टन्सचंच पुढचं प्रकरण म्हणजे हॉट-प्लग, आणि २४ व्होल्टवाल्यांनी हे नीट वाचा. चालू एसएमपीएसची वायर थेट बोर्डाच्या इनपुटला टेकवली तर काय होतं? बोर्डावर इनपुटला सिरॅमिक कपॅसिटर आहेत, ४.७ मायक्रोफॅरडचे, ज्यांचा आतला रेझिस्टन्स नगण्य असतो. लांब वायरीचा इंडक्टन्स आणि हे कपॅसिटर मिळून रिंगिंग होतं. जोरात वाहणाऱ्या पाण्याच्या पाईपचा कॉक एकदम बंद केला की पाईपला धक्का बसतो तसा. इनपुटचं व्होल्टेज क्षणभर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं, २४ चे ४८. आणि या चिपची कमाल सहनशक्ती ३० व्होल्ट. आयसी उडतो, धूरही येत नाही बऱ्याचदा, इनपुट शॉर्ट होऊन बसतो. १२ व्होल्टवर हेच केलं तर दुप्पट होऊनही २४ च होतात, काही होत नाही, म्हणून १२ वर सवय झालेला माणूस २४ वर येतो तेव्हा हे हमखास घडतं.

उपाय स्वस्त आहे. इनपुट टर्मिनललाच १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. त्याचा जो आतला रेझिस्टन्स असतो, एरवी ज्याला आपण दोष म्हणतो, तोच इथे रिंगिंग मारतो. सिरॅमिकच्या चार-पाच पट व्हॅल्यू पाहिजे, म्हणजे ४७ सुद्धा चालेल पण १०० बरा. पोलॅरिटी बघून लावा. याशिवाय सवय अशी ठेवा की सगळ्या वायरी आधी जोडायच्या आणि सप्लाय शेवटी त्याच्या आउटपुट बटनाने चालू करायचा. पण शेतावर, साइटवर कोणी इलेक्ट्रिशियन चालू वायर टेकवणारच आहे, त्यामुळे तो इलेक्ट्रोलिटिक तुमच्या शेवटच्या पीसीबीवरही ठेवा, बोर्डावर टेस्ट करून झाली म्हणून काढू नका. ट्रकच्या २४ व्होल्टवर ही चिप लावायचा कोणाचा विचार असेल तर माझं मत नको असंच आहे, चालू इंजिनवर बॅटरी चार्ज होताना तिथे २८ च्या आसपास असतंच, वर अल्टरनेटरचे धक्के वेगळे, तिथे ४० किंवा ६० व्होल्टची चिप घ्या.

पहिल्यांदा चालू करताना बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट लिमिट सेट करता येणारा टेबलावरचा सप्लाय) १२ व्होल्टवर, करंट लिमिट २०० मिलिअँपिअर, आउटपुटला काहीही न जोडता. ३.३ आले, सप्लायवर करंट जवळजवळ शून्य दिसला, की अर्धी लढाई झाली. मग लिमिट वाढवायची आणि हे विसरायचं नाही. १२ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे आउटपुटला ९.९ वॉट, तोटा धरून इनपुटला एक अँपिअरच्या जवळ लागतो. लिमिट २०० वरच राहिली तर लोड लावताच सप्लाय व्होल्टेज खाली ओढतो, ६ च्या खाली गेलं की बोर्ड बंद, लोड गेल्यामुळे व्होल्टेज परत वर, ७ ला बोर्ड चालू, पुन्हा खाली, असा श्वास घेतल्यासारखा चालू-बंद होत राहतो. शिवाय स्विचिंग रेग्युलेटरला इनपुट व्होल्टेज कमी दिलं की तो जास्त करंट मागतो, लिनियरच्या बरोबर उलटं, त्यामुळे हे प्रकरण आपोआप सुटत नाही. मी पूर्ण लोडच्या टेस्टला दीड अँपिअर लिमिट ठेवते.

लोडसाठी इलेक्ट्रॉनिक लोड असेल तर छानच. नसेल तर ३.३ ओहम १० वॉटचे पांढरे सिमेंटचे तीन रेझिस्टर आणा. ३.३ व्होल्टला एक लावला की एक अँपिअर, दोन पॅरलल लावले की दोन, तीन लावले की तीन, आणि प्रत्येकावर फक्त ३.३ वॉट म्हणजे दहा वॉटच्या मानाने निवांत. हात मात्र लावू नका, चांगले तापतात, टाइलच्या तुकड्यावर ठेवा. तीस-चाळीस रुपयांत पूर्ण लोड टेस्ट होते.

रीडिंग घेताना व्होल्टेज नेहमी बोर्डाच्या टेस्ट पॉइंटवर घ्यायचं, सप्लायच्या डिस्प्लेवरचं नाही आणि लोडच्या टोकाचंही नाही. इनपुटसाठी वेगळा पॉइंट आणि त्याच्या शेजारी ग्राउंड, आउटपुटचंही तसंच, ही या बोर्डाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. करंटच्या वायरी वेगळ्या, मोजायच्या वायरी वेगळ्या, मोजायच्या वायरीतून करंट जातच नाही म्हणून त्यात काही पडत नाही. एफिशियन्सी काढायची तर हे असंच पाहिजे. अँपिअर मोजायला मल्टीमीटरची १० अँपिअरची सॉकेट वापरा, मिलिअँपिअरच्या रेंजला आतला शंट (करंट मोजायचा रेझिस्टर) मोठा असतो, स्वतःच व्होल्टेज खातो आणि फ्यूजही जातो. मीटर सप्लाय आणि बोर्डाच्या मध्ये, आणि व्होल्टेज मीटरच्या पुढे बोर्डावर, म्हणजे मीटरमधला ड्रॉप हिशोबात येत नाही. असं मोजल्यावर मला १२ व्होल्ट इनपुट आणि पूर्ण लोडला पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळाली, मधल्या लोडला त्याहून बरी. २४ ला थोडी खाली येते आणि त्याचं कारण डायोड. २४ वरून ३.३ करताना मॉसफेट फक्त चौदा टक्के वेळ चालू असतो, उरलेल्या वेळेत सगळा करंट डायोडमधून, अर्धा व्होल्ट गुणिले तीन अँपिअर गुणिले ०.८६ म्हणजे सव्वा वॉटच्या वर उष्णता एकट्या डायोडमध्ये. बोट जवळ नेलं तरी कळतं. बंद डब्यात, उन्हातल्या पॉलीहाऊसमध्ये हे चालवायचं असेल तर डायोडखाली कॉपर भरपूर द्या, तिथे कंजूषी करू नका. सतत तीन अँपिअर पाहिजेत अशा कामाला मी सिंक्रोनस चिपच घेईन. मोडेमचा सरासरी करंट फार कमी असतो त्यामुळे मला हे चाललं.

स्कोप. रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) बघायचा म्हणून प्रोब लावला आणि शंभर मिलिव्होल्टची काटेरी झुडपं दिसली की लोक घाबरतात. जवळजवळ नेहमी तो प्रोबच्या ग्राउंडच्या लांब वायरीचा प्रताप असतो, ती वायर आणि प्रोबचं टोक मिळून एक लूप होतो आणि शेजारच्या कॉइलचं, स्विचिंगचं सगळं त्यात शिरतं. प्रोबची टोपी काढा, ग्राउंडची क्लिप काढा, प्रोबच्या उघड्या धातूच्या गळ्याला तांब्याची तार दोन वेढे गुंडाळून तिचं टोक एखाद सेंटीमीटरचं ठेवा, आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन टोकांवर टेकवा. स्कोपवर एसी कपलिंग, २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू, प्रोब एक-एक्सवर. मग खरा रिपल दिसतो. कागदावरचं गणित सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल: कॉइल ६.८ मायक्रोहेन्रीची, १२ व्होल्ट इनपुटला कॉइलमधला रिपल करंट ०.६ अँपिअरच्या थोडा वर, २४ ला पाऊण अँपिअरच्या जवळ, आउटपुटला ४७ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक, त्यामुळे व्होल्टेजचा रिपल काही मिलिव्होल्टच असायला पाहिजे. तुम्हाला पन्नास-शंभर दिसत असतील तर आधी प्रोब बघा, बोर्ड नंतर.

स्विचिंग नोड बघताना मात्र प्रोब दहा-एक्सवर आणि बँडविड्थ लिमिट काढून. आणि स्कोपच्या तीन पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून वापरायची सवय आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसते, ती कृपा करून सोडा. हा बोर्ड आयसोलेटेड नाही, इनपुट-आउटपुटचं ग्राउंड एकच आहे, स्कोपचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडलाच लावायचंय, त्यामुळे अर्थ काढायची काही गरजच नाही. बेंच सप्लायच्या मायनसची आणि अर्थची पट्टी जोडलेली असली तरी इथे बिघडत नाही.

लोड न लावता स्कोप बघितला तर वेव्हफॉर्म विचित्र दिसेल, मध्येच पल्स, मग शांतता, मग दोन पल्स. हे बरोबर आहे. कॉइलचा पीक करंट १६० मिलिअँपिअरच्या खाली गेला की चिप पल्स सोडून द्यायला लागते म्हणजे हलक्या लोडला वीज वाचते. ५७० किलोहर्ट्झ मोजायचे असतील तर निदान अर्धा अँपिअर लोड लावा, मग पल्स सरळ रांगेत येतात. नेमके ५७० येणार नाहीत, प्रत्येक चिपमध्ये थोडं मागे-पुढे असतं, डेटाशीटमध्ये त्याची रेंज दिली आहे ती बघा.

आता माझं खरं काम, ३.३ चे ४ व्होल्ट करणं. आउटपुट किती ते फीडबॅकचे दोन रेझिस्टर ठरवतात आणि सूत्र सोपं आहे, ०.८ गुणिले, एक अधिक वरचा रेझिस्टर भागिले खालचा. वरचा १०.२ के आणि खालचा ३.२४ के आहे, म्हणून ३.३२ च्या जवळ येतं. खालचा २.५५ के केला की १०.२ भागिले २.५५ बरोब्बर ४, अधिक एक पाच, गुणिले ०.८ चार व्होल्ट. इतकं स्वच्छ गणित क्वचित जमतं, आणि २.५५ के ही एक टक्केवाल्या सिरीजमधली तयार व्हॅल्यू आहे. ५ व्होल्ट पाहिजेत त्यांनी १.९६ के लावा, ४.९६ येतील. रेझिस्टर एक टक्क्याचाच घ्या. बदलताना सप्लाय पूर्ण बंद, आउटपुट कपॅसिटर रिकामे झालेत ना ते मीटरने बघून मग सोल्डरिंग. आणि बदललेला बोर्ड आहे अशी चिठ्ठी बोर्डावर चिकटवा, छापलेलं ३.३ बघून उद्या दुसरं कोणी तिथे ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर जोडेल.

मोडेमचा झटका कसा टेस्ट करायचा हे मला कुठे मराठीत सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. जीएसएममध्ये (या मोडेमच्या टू-जी नेटवर्कमध्ये) फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची, तिचे आठ स्लॉट, मोडेम त्यातल्या एका स्लॉटमध्ये म्हणजे ५७७ मायक्रोसेकंद बोलतो. म्हणजे सेकंदाला २१७ वेळा करंट शून्याजवळून दोन अँपिअरपर्यंत उडी मारतो (जुन्या स्पीकरजवळ मोबाईल ठेवला की जी टर्रटर्र ऐकू यायची ती हीच). खरा मोडेम लावून टेस्ट केली तर तो टॉवर जवळ असला की कमी ताकदीने बोलतो आणि टेस्ट सोपी होऊन बसते, गावाबाहेर नेल्यावर खरा झटका येतो. म्हणून टेबलावर मुद्दाम सगळ्यात वाईट लोड तयार करायचा. २.२ ओहम १० वॉटचा रेझिस्टर, त्याच्या खाली आयआरएलझेड४४एन मॉसफेट (लॉजिक लेव्हलचा, आयआरएफझेड४४एन नको, तो ५ व्होल्टच्या गेटला पूर्ण उघडत नाही), गेटला अर्डुइनोमधून ५७७ मायक्रोसेकंद हाय आणि बाकी वेळ लो. ४ व्होल्टला १.८ अँपिअरचे झटके मिळतात, पुरेसे आहेत. रेझिस्टर आणि मॉसफेट बोर्डाच्या आउटपुटला चिकटूनच जोडा.

अशा लोडवर या बोर्डाने मला खूश केलं. झटका आला की आउटपुट किंचित खाली जातं, शंभर मिलिव्होल्टच्या आतच, एकदा सावरतं आणि जागेवर येतं, मागे हेलकावे नाहीत. हेलकावे मोजणं ही गरिबाघरची स्टॅबिलिटी टेस्ट आहे, लूप रिस्पॉन्स मोजायला बोर्डावर फीडबॅकच्या वाटेत छोटा रेझिस्टर आणि टेस्ट पॉइंट दिलाय पण त्याला लागणारं अॅनालायझर आपल्यातल्या किती जणांकडे असणार. एक खड्डा आणि सावरणं म्हणजे ठीक, तीन-चार लाटा दिसल्या तर आउटपुट कपॅसिटर किंवा कॉम्पेन्सेशनमध्ये (फीडबॅक स्थिर ठेवणाऱ्या पार्टमध्ये) गडबड आहे.

मग मी त्याच लोडला मुद्दाम बारीक क्रोकोच्या वायरीने जोडून बघितलं, फरक किती ते कळावं म्हणून. बोर्डाच्या टेस्ट पॉइंटवर तीच छान लाईन, पण लोडच्या टोकाला प्रत्येक झटक्याला अर्ध्या व्होल्टच्या वर खड्डा. ४ चे साडेतीनच्या खाली. सिम८००एल ला किमान ३.४ लागतात. म्हणजे नेटवर्क कमी असलेल्या जागी मोडेम रिसेट होणारच, आणि तिथे माणूस रेग्युलेटर बदलतो, मोडेम बदलतो, सिम बदलतो, पण ती अर्धा फूट वायर काही बदलत नाही. मला वाटतं या बोर्डाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, तो एवढा भरवशाचा आहे की दोष दुसरीकडे कुठे आहे ते दाखवून देतो. पीसीबीवर मोडेम आणि रेग्युलेटर शेजारी ठेवा, मध्ये रुंद ट्रॅक द्या, आणि मोडेमच्या पिनजवळ एक मोठा कमी ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर ठेवा.

निळ्या मोड्यूलशी तुलना लोक विचारतात म्हणून लिहिते. त्यावर एलएम२५९६ लिहिलेलं असतं, ही मूळची नॅशनल सेमिकंडक्टरची चिप, २०११ मध्ये टेक्सासने ती कंपनीच घेतली. चिप वाईट नाही, ४० व्होल्टपर्यंत इनपुट घेते जे टीपीएस५४३३१ ला जमत नाही, पण १५० किलोहर्ट्झवर चालते म्हणून कॉइल मोठी लागते. प्रश्न असा की शंभर रुपयांच्या मोड्यूलवरची चिप खरंच तीच आहे का. बाजारातून आणलेल्या काही मोड्यूलवर मी स्कोप लावला तर १५० ऐवजी पन्नासच्या आसपास फ्रिक्वेन्सी दिसली. अशा मोड्यूलवर टेस्ट करून डेटाशीटशी आकडे जुळवायचे कसे? एलईडी लावायला, फॅन फिरवायला जरूर वापरा. पण त्याच्यावर घेतलेल्या रीडिंगवरून आपल्या प्रॉडक्टचं डिझाइन ठरवू नका.

या बोर्डात काय नाही तेही सांगते. इनपुटला उलट पोलॅरिटीपासून संरक्षण नाही, फ्यूज नाही, इएमआय फिल्टर (स्विचिंगचा गोंगाट बाहेर जाऊ न देणारा) नाही. हे इव्हॅल्युएशन बोर्डात साहजिक आहे, चिप बघायची असते, पण त्यामुळे तो उचलून थेट पॅनेलमध्ये बसवू नका, तसे बसवलेले मी बघितलेत. आउटपुट बदलायला पॉट (फिरवायचा रेझिस्टर) नाही, सोल्डरिंगच करावं लागतं, मला तरी ते चांगलंच वाटतं, कारण ट्रिमपॉट हलला की व्होल्टेज हललं आणि मोडेम गेला. अर्धा मार्क कापलाय तो यासाठी की इनपुटला एक इलेक्ट्रोलिटिक लावून दिला असता तर पुष्कळांच्या चिपा वाचल्या असत्या.

कोणी घ्यावा? ज्यांना ही चिप आपल्या पीसीबीवर शंभर-दोनशे नगांत लावायची आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावा, पहिला पीसीबी आला की दोन्ही शेजारी ठेवून त्याच वायरी, तोच लोड, तोच प्रोब लावून बघायचं, फरक दिसला तर तो तुमच्या ले-आऊटचा. इंजिनीअरिंगच्या मुलांनी चार-पाच जणांत मिळून घ्यावा, कॉलेजच्या लॅबला मागवायला सांगावा. ज्यांना नुसते ३.३ व्होल्ट पाहिजेत त्यांना गरज नाही.

मागवताना नंबर नीट वाचा. टीपीएस५४२३१ दोन अँपिअरची आहे, टीपीएस५४३३२ साडेतीन अँपिअरची पण एक मेगाहर्ट्झवर चालणारी, त्यांचे बोर्ड वेगळे आणि नावं एका आकड्याने चुकतात. सोबत त्याच ऑर्डरमध्ये २.५५ के आणि १.९६ के चे एक टक्केवाले रेझिस्टर, साइझ बोर्डाच्या पार्ट लिस्टमध्ये बघून, दहा-दहा टाकून द्या, इथे एकेक शोधत फिरलात तर दिवस जातो आणि ती व्हॅल्यू मिळत नाही. इलेक्ट्रोलिटिक, सिमेंटचे रेझिस्टर, वायर हे मात्र इथेच घ्या.